जादूघराच्या नोंदी : छावणीतल्या जुन्या लॉज हॉलचं दस्तऐवजीकरण

१० नोव्हेंबर २०२४

सकाळी सातला कुलूप काढलं. किल्ली समोरच्या पिठाच्या गिरणीत खिळ्याला टांगलेली असते. माझ्या लहानपणीही ती तिथंच असायची. गिरणीवाल्या चाचांनी फक्त विचारलं, "कब तक चलेगा सर?" मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत.

काम असं आहे. आमच्या छावणीतला हा दगडी हॉल, लोकांच्या तोंडी जादूघर, मुळात फ्रीमेसन या बंधुसंघाच्या लॉजसाठी, म्हणजे स्थानिक शाखेसाठी बांधलेला. तो पाडून तिथं व्यापारी संकुल बांधायचं घाटत आहे. पाडू नका म्हणायचं तर आधी काय पाडलं जाणार ते कागदावर यायला हवं. म्हणून मी, माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या दोन मुली आणि एक मुलगा, आणि गवंडीकाम करणारे मामा, असे पाच जण दर रविवारी येणार. जमलं तर मधल्या वारीही. मालकीचा अर्ज चालू आहे, म्हणून गावाचं नाव इथं लिहीत नाही. मराठवाड्यात निझामाच्या हैदराबाद कंटिंजंटच्या (इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या) छावण्या होत्या, त्या पट्ट्यातलं गाव, एवढं पुरे.

आज फक्त टेप धरली. आतली लांबी ५१ फूट ४ इंच, रुंदी २५ फूट ८ इंच. मुलीने आकडे वहीत लिहिले आणि लिहिता लिहिताच म्हणाली, "सर, बरोबर दुप्पट आहे." म्हणजे दोन चौरस शेजारी शेजारी. फ्रीमेसन लोकांच्या सभागृहाची ही ठरलेली घडण आहे. मी पुस्तकात वाचलं होतं, पण या जमिनीवर चाळीस वर्षं चालूनही कधी मोजलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

आजचा दिवस मामांचा.

दाराच्या वरच्या दगडावर एक कोरीव खूण आहे. चुन्याच्या पुटांखाली ती जवळपास बुजली होती. मुलाने बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने तासभर खपून ती मोकळी केली. खाली काटकोन, वर उघडा कंपास. मी मुलांना सांगायला तोंड उघडणार, तोच मामा शिडीखालून म्हणाले, "सर, ह्यो तर आपला गुण्या हाय की वो."

त्यांनी पिशवीतून स्वतःचा पत्र्याचा गुण्या काढला, शिडी चढले आणि कोरलेल्या काटकोनात बसवला. पत्रा आणि दगड यांच्या मध्ये उजेडाची रेघसुद्धा दिसली नाही. कोणीतरी छिन्नीने कातळात काढलेला कोन इतकी वर्षं ऊन-पाऊस खाऊनही नव्वद अंशांचाच राहिला आहे. मामांनी दोनदा गुण्या लावून पाहिला. मग खिशातला रुमाल काढून तो कोन पुसला.

खाली आल्यावर मी त्यांना सांगितलं, की फ्रीमेसन लोक आपली परंपरा युरोपात मोठाली चर्च बांधणाऱ्या पाथरवटांपर्यंत नेतात. १७१७ साली लंडनमध्ये चार लॉज एकत्र आले तेव्हापासून त्यांची आजची संघटना मोजतात. लॉजमधल्या तीन मुख्य पदाधिकाऱ्यांच्या गळ्यात तीन हत्यारं असतात. अध्यक्षाच्या गळ्यात गुण्या, त्याच्या खालच्याच्या गळ्यात पाणसळ, तिसऱ्याच्या गळ्यात ओळंबा. मामांनी ऐकता ऐकता पिशवीतून पाणसळ काढली, मग ओळंबा, आणि तिन्ही ओट्यावर ओळीने मांडली. "मंग ते गवंडी व्हते का?"

नव्हते. कंटिंजंटचे कप्तान, डॉक्टर, फार तर तारखात्यातले साहेब. गुण्या म्हणजे सरळ वागणं, पाणसळ म्हणजे सगळे एका पातळीवर, ओळंबा म्हणजे ताठ चारित्र्य, असा त्यांचा अर्थ.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आन् ह्ये दगड कोणी बशिवले?"

हा प्रश्न मी आज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. माझ्या कामाच्या आराखड्यात तो नव्हता.

२० नोव्हेंबर

काम बंद. विधानसभेचं मतदान, आणि हॉल म्हणजे आमच्या वॉर्डाचं मतदान केंद्र. मी स्वतः इथंच मत देऊन आलो. रांग जुन्या शहाबादी फरशीवरून सरकत होती. मतदानाचा पुठ्ठ्याचा आडोसा नेमका पूर्वेच्या चौथऱ्यावर ठेवला होता. लॉजच्या अध्यक्षाची खुर्ची पूर्वेला असते. सूर्य उगवतो तिथून कामाला सुरुवात, असा त्यामागचा भाव. रांगेत माझ्या पुढे असलेल्या शेतमजूर बाईने त्या चौथऱ्याच्या तीन पायऱ्या चढून मत दिलं. नोंद म्हणून एवढंच लिहितो. पण मला ते फार चांगलं वाटलं.

२४ नोव्हेंबर

ईशान्य कोपऱ्यातल्या जोत्याचा दगड मोकळा केला. त्यावर सिमेंटचा थर होता, मामांनी छिन्नीचा हलका ठोका देत देत तो खवल्यासारखा उचलला. खाली कोरलेला आकडा निघाला : ५८८७.

मुलं चक्रावली. एकीला वाटलं दगडांची संख्या असेल, मुलाला वाटलं सर्व्हे नंबर. फ्रीमेसन लोकांची स्वतःची कालगणना आहे, इसवी सनात ४००० मिळवतात आणि त्याला प्रकाशवर्ष म्हणतात (आपल्या विज्ञानातलं नव्हे, सृष्टीत पहिला उजेड पडला तेव्हापासूनचं वर्ष). म्हणजे ५८८७ वजा ४०००, बरोबर १८८७. कोनशिला ईशान्येला बसवण्याची त्यांची चाल आहे, आणि आपल्याकडेही ईशान्य कोपरा पूजेचाच. बांधणाऱ्या गवंड्यांना त्या दिवशी काही वेगळं वाटलं नसेल.

दुपारी आणखी एक गोष्ट सापडली, आणि माझ्या लेखी ती कोनशिलेपेक्षा मोठी आहे. जोत्याच्या घडीव दगडांवर बारीक खुणा आहेत. फुली, त्रिशूळ, दोन आडव्या रेघा, एक अर्धा चंद्र. चौदा दगड मोजले. मामा म्हणाले, पाथरवट आपापल्या दगडावर खूण करायचे, म्हणजे हप्त्याच्या हिशेबाला ह्याचे किती, त्याचे किती, ते कळायचं. त्यांच्या आजोबांची खूण कोयता होती. कोयता आम्हाला सापडला नाही. मामांनी सगळी जोती वाकून वाकून पाहिली.

चौदाही खुणांचे कागदावर ठसे घेतले. १२ तारखेच्या प्रश्नाला हे अर्धं उत्तर आहे.

८ डिसेंबर

पाऊस नाही, थंडी भरपूर. बाहेरच बसून आजवरचं लिहून काढलं.

हिंदुस्थानातला पहिला लॉज कलकत्त्यात, १७३० च्या सुमारास. मुंबईत गोऱ्यांच्या लॉजमध्ये देशी माणसाला घेत नसत, म्हणून जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हा वेगळा लॉज काढला आणि त्यात पारशी, मुसलमान, पुढे हिंदूही आले. हैदराबादेत निझामाने गोशामहल बारादरी फ्रीमेसनांना दिली, तिथं आजही त्यांचं काम चालतं. देश स्वतंत्र झाल्यावर २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया झाली. भारतातल्या लॉजमध्ये बायबलसोबत गीता, कुराण, अवेस्ताही मांडतात, कारण शपथ ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर घ्यायची असते. आत धर्माचा आणि राजकारणाचा वाद घालायचा नाही, हाही नियम. देवाला ते विश्वाचा महान स्थपती म्हणतात.

पण दाराबाहेर हातात उघडी तलवार घेऊन पहारेकरी उभा, आत काय चालतं ते कुणाला सांगायचं नाही, आणि साहेब कमरेला कातडी ॲप्रन बांधून रात्री जमणार. तेव्हा गावाने नाव ठेवलं जादूघर. हे नाव फक्त आमच्या गावाचं नाही, लाहोर-कराचीपर्यंत लोक लॉजला हेच म्हणत. आमच्या मोहल्ल्यात आजही पत्ता सांगताना "जादूघरके पीछे" किंवा "जादूघराच्या बोळात" असंच सांगतात. पोस्टमनला कळतं.

१९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजी फौजेत विलीन झाली, पलटण गेली, साहेब गेले. म्हणजे फ्रीमेसनांनी ही वास्तू जेमतेम सोळा वर्षं वापरली आणि गावाने एकशे वीस. आमच्या अर्जात हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

१५ डिसेंबर

उत्तरेच्या भिंतीचं रेखाटन झालं. पूर्व, दक्षिण, पश्चिम या बाजूंना खऱ्या खिडक्या आहेत. उत्तरेला तीन कमानी आहेत, चौकट आहे, खालचा उंबरा आहे, पण आत दगडच. मागून बुजवलेल्या नाहीत, बांधतानाच आंधळ्या बांधल्या आहेत. मामांनी सांधे तपासून खात्री केली. लॉजच्या परंपरेत उत्तर ही अंधाराची दिशा, कारण तिकडून सूर्य कधी येत नाही.

विलायतेत मध्यान्हीपुरतं ते खरं. आमच्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच कललेला असतो. तेव्हा त्या आंधळ्या कमानींच्या उंबऱ्यावर बाहेरून ऊन पडतं. लहानपणी आम्ही तिथं कैऱ्यांच्या फोडी वाळत घालायचो.

२२ डिसेंबर

आज मोजमाप नाही, फक्त ऐकलं. मोठ्या मुलीने रेकॉर्डिंग केलं, मी लिहिलं. दोघींची नावं त्यांच्या घरच्यांच्या इच्छेने लिहीत नाही.

पहिल्या आजी बाजारगल्लीतल्या. वय नव्वदीपुढे. १९४८ चा उन्हाळा. रझाकारांच्या बातम्या खेड्यांतून यायच्या, पुरुष सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेलेले. तेव्हा हॉलमध्ये निझाम सरकारची प्राथमिक शाळा भरायची. शाळेच्या शिपायाने रात्री दार उघडून बायका-पोरांना आत घेतलं. "तो मुसलमान व्हता बाळा, अन् त्याच्या घरी बी लेकरं व्हती." दोन रात्री. आजींना आठवतं ते एवढंच, की आईने त्यांना उत्तरेच्या भिंतीला टेकवून बसवलं, कारण त्या बाजूला खिडकी नाही, बाहेरून दिवा दिसत नाही.

दुसऱ्या अम्मी हॉलच्या मागच्याच घरात. त्याच वर्षी, पण पावसाळ्याच्या शेवटी. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा आत आल्या, १७ ला निझामाने शरणागती दिली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत बऱ्याच गावांत मुसलमानांवर हल्ले झाले. "पुलिस ऐक्शन" एवढंच म्हणून त्या थांबल्या. त्यांच्या वडिलांनी सगळ्यांना जादूघरात नेलं. किती दिवस ते त्यांना आठवत नाही. शेजारच्या एका माळ्याच्या घरून भाकरी यायच्या, कांद्याबरोबर. मुलीने विचारलं, अम्मी, तुम्ही कुठं बसायचात? अम्मींनी हात उचलून उत्तरेच्या भिंतीकडे बोट केलं. "वहाँ. उधर खिड़की नहीं ना."

घरी येताना तिघंही मुलं गप्प होती. मीही.

आम्ही मराठवाड्यातले लोक १७ सप्टेंबरला झेंडा लावतो, लावायलाच हवा, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने लावतो. पण त्या वर्षातल्या या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीला टेकून बसल्या आहेत, आणि ती भिंत अजून उभी आहे. ती पाडली तर हे सांगायला जागा राहणार नाही.

१५ जानेवारी २०२५

संक्रांतीचं हळदीकुंकू हॉलमध्ये झालं. बचत गटाच्या बायकांची महिन्याची बैठकही इथंच होते, म्हणून गर्दी मोठी. लॉजच्या काळात बाईला आत पाऊल टाकता येत नव्हतं. आज वाणाच्या वाट्या अध्यक्षांच्या चौथऱ्यावर रचल्या होत्या आणि तिळगूळ घेऊन अम्मीही आल्या होत्या. फोटो काढले, दस्तऐवजात "आजचा वापर" या भागात जातील. १९७२ च्या दुष्काळात इथं सुकडी वाटायचे ही माहिती इथंच मिळाली. तीन बायकांनी सांगितली, तिघींनीही सुकडीच्या आधी मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची चव सांगितली.

२ फेब्रुवारी

मोहल्ल्याची बैठक. आज विरोध झाला, आणि तो मनापासूनचा होता, म्हणून सविस्तर लिहितो.

एक मध्यमवयीन गृहस्थ उठले. त्यांची बहीण औसा भागात दिलेली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप, आणि तिच्या घराच्या दगडी भिंती. त्यांनी पुढे सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. "सर, तुम्ही दगडाचं कौतुक सांगता. आम्ही दगड उपसलेत."

मी उत्तर देण्याआधी थोडा थांबलो. हे ऐकून घेतल्याशिवाय मराठवाड्यात जुन्या दगडी वास्तूबद्दल बोलायचा कुणालाच हक्क नाही. त्या भूकंपानंतर आमच्याकडे दगडी घरावरचा विश्वासच गेला. लोकांनी चांगले वाडेही उतरवले, दगड विकला, पत्रे टाकले.

मग मी त्यांना आणि बाकीच्यांना पश्चिमेच्या भिंतीपाशी नेलं. किल्लारी पट्ट्यातली घरं पडली त्यामागे कारणं होती. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, पण आतून दोन वेगळ्या भिंती, बाहेरची आणि आतली, मध्ये मातीचा भराव. दोन्हींना आरपार धरून ठेवणारे लांब दगड नाहीत. दर्जांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, चुना नाही, चिखल. वर माळवदाचं ओझं, मातीचे थरावर थर, दर पावसाळ्याआधी आणखी एक. हादरा बसला की दोन कातडी सुटतात, आतली घरात कोसळते, आणि वरून माळवद येतं. दगडाने माणसं मारली असं आपण म्हणतो, पण सैल बांधणीने आणि वरच्या वजनाने मारली.

या भिंतीत दर चार फुटांवर आरपार दगड आहे. मुलांनी डिसेंबरात ते खडूने रंगवून ठेवले होते, ते दाखवले. दर्जांत चुना आहे. छप्पर सागाच्या कैच्यांवर कौलांचं, हलकं. १९९३ मध्ये या भिंतीला एक तिरकी भेग पडली, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर. मुलाने तिच्यावर जानेवारीत काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या आहेत. भेग हलली तर काच फुटते. अजून तिन्ही शाबूत आहेत.

ते गृहस्थ भेगेवर हात ठेवून उभे राहिले. पटलं असं म्हणाले नाहीत. पण जाताना विचारलं, छपराखालून चारी भिंतींना बांधणारा पट्टा घालता येईल का? येईल, आणि घालायलाच हवा. तो मुद्दा दुरुस्तीच्या प्रस्तावात पहिला घेतला.

९ मार्च

कागद. एका कार्यालयात चार चकरा झाल्या, पाचव्या चकरेत १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदीचा कागद) हाती आलं. त्याआधीचं दप्तर उर्दूत. निवृत्त उर्दू शिक्षकांनी रोजे चालू असतानाही दुपारभर बसून वाचून दिलं. फसली (निझामाच्या महसुली कालगणनेतल्या) १३४४ च्या नोंदीत "जादूघर, सरकारी, मदरसा" असे तीन शब्द आहेत. फसलीत ५९० मिळवले की १९३४. म्हणजे लोकांनी ठेवलेलं नाव सरकारी दप्तरातही चढलं होतं, आणि मालकी खाजगी नव्हती. अर्जाच्या दृष्टीने हा सगळ्यात कामाचा कागद.

३१ मार्च

काल पाडवा, आज ईद. हॉलच्या ओट्यावर शिरखुर्मा आणि श्रीखंड दोन्ही मिळालं. काम नाही.

६ एप्रिल

महत्त्व-निवेदन लिहिलं, म्हणजे ही वास्तू का जपायची ते सांगणारं टिपण. वारसा जपणाऱ्यांच्या जगात १९७९ ची ऑस्ट्रेलियातली बुरा सनद (बुरा हे गावाचं नाव) प्रमाण मानतात. तीत सौंदर्य, इतिहास, शास्त्र यांच्या बरोबरीने सामाजिक मूल्यही मोजतात, म्हणजे लोकांच्या मनात त्या जागेचं काय स्थान आहे ते. आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्यातही विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू जपण्याची तरतूद आहे. अर्ज त्या वाटेने जाईल.

पहिला मसुदा "ब्रिटिश काळातील दुर्मीळ वास्तू" असा सुरू होत होता. मुलींनीच तो खोडला. आता सुरुवात अशी आहे :

"ही वास्तू १८८७ मध्ये स्थानिक पाथरवटांनी काळ्या दगडात आणि चुन्यात बांधली. त्यांच्या चौदा खुणा जोत्यावर आहेत. ती फ्रीमेसन लॉजसाठी बांधली गेली आणि तिची दुप्पट चौरसाची मांडणी, पूर्वेचा चौथरा, उत्तरेच्या आंधळ्या कमानी व दारावरचा गुण्या-कंपास हे घटक मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. १९०३ नंतर ती शाळा, निवारा, अन्नवाटप केंद्र, मतदान केंद्र आणि स्त्रियांचं सभास्थान झाली. उत्तरेची भिंत ही १९४८ च्या आठवणींची जागा आहे. दुरुस्तीत या भिंतीला नवी खिडकी पाडू नये."

शेवटचं वाक्य मी ठळक करायला लावलं. उजेड-हवेसाठी उत्तरेला खिडक्या काढा, अशी सूचना आताच एकाने केली आहे, आणि ती चांगल्या हेतूने केली आहे.

१३ एप्रिल

अर्ज दिला, पोच घेतली. सोबत बावीस रेखाचित्रं, चौदा ठसे, अकरा मुलाखती.

उत्तर येईपर्यंत एक काम थांबवता येत नाही. जोत्यावरच्या सिमेंटमुळे ओल आत कोंडली आहे आणि दगडाला लोणा लागतो आहे. बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला येते. सिमेंट हळूहळू काढायचं आणि दर्जा चुन्याने भरायच्या, इतकी तात्पुरती परवानगी मिळाली आहे. चुना मळायची घाणी आता आसपास कुठं फिरत नाही, मग मामांनी मागच्या अंगणात खड्डा घेतला, कळीचा चुना आज पाण्यात सोडला. फसफसून वाफ निघाली तेव्हा मोहल्ल्यातली सगळी पोरं जमली. त्यांना लांब उभं केलं. चुन्यात मिसळायची बेलफळं अम्मींच्या दारातल्या झाडाची, गूळ गिरणीवाल्या चाचांकडून.

चुना किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरायचा. मामांनी खड्ड्यावर ओलं पोतं टाकलं, कडेला विटा ठेवल्या आणि गिरणीत सांगून आले, की रोज संध्याकाळी त्यात दोन बादल्या पाणी पडलं पाहिजे.